उन्हाळ्यातली छोटी पेटी

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला की संगणकाच्या छोट्या पेटीचा खरा कस लागतो. पंखे कितीही लावा, आतला भाग खोलीपेक्षा थंड होत नाही. आज झाकण काढून निवांत पाहत बसलो. १७ सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड, वायरी एका कडेला बांधलेल्या, पुढे १२० मिलिमीटरचा पंखा. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. चिमुकल्याला तेवढ्याच हवेसाठी किंचाळावं लागतं. जाळीवर जिनिंगच्या हंगामापासूनचे कापसाचे तंतू, मऊ करड्या थरात. जाळीतून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवली, तर फटींतून धूळ शिरत नाही. ही युक्ती मला मनापासून आवडते. उद्या जाळी धुवायची, हवा बाहेर टाकणारा मागचा पंखा जरा मंद करायचा.