तांड्यावरचा पहिला हिवाळा : ट्रक लागला

(लेखांक चौथा)

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली. पटावर 31 मुलं, वर्गात 17. ऑक्टोबरात हजेरी घेताना माझा घसा बसायचा, एवढा गलका असायचा. आज एकेका नावापाशी थांबावं लागलं.

"ऊस तोडाले गेला, बाई."

"ते बी गेली. काल रात्री ट्रक लागला होता."

आम्ही दोघं नवरा-बायको इथले दोनच शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी ह्यांच्याकडे. मधल्या सुट्टीत दोन्ही हजेऱ्या शेजारी ठेवून बसलो. पावसाळ्यात रुजू झालो तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "दिवाळीनंतर बघा, तांडा अर्धा होतो." मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. ती नुसती मोजणी होती.

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्याकडे बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. जमीन उताराची, मुरमाड, पावसावरची. सोयाबीन ऑक्टोबरात निघालं. यंदा सरकारचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, पण बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. ते पैसे खत-बियाण्याच्या उधारीत गेले. मग ज्याच्याकडे ओलीत नाही, त्यानं हिवाळ्यात काय करावं? ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल पावसाळ्यातच घरात येऊन खर्चलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हेही मला इथेच कळलं. दोन माणसं मिळून एक हत्यार होतात, हे ऐकून मी गप्प झाले.

13 नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी तिसरीतल्या एका मुलीच्या घरी गेलो. तिचे आई-बाप उद्या निघणार. ओसरीवर बोचकी बांधलेली, त्यात पातेली, ताडपत्री, दोन घोंगड्या, पिठाचा डबा. ह्यांनी विचारलं, "पोरीला आजीपाशी ठेवाल का? शाळेत दोन वेळचं जेवण करू."

हंगामी वसतिगृह हा शब्द ऐकून कुणाला इमारत वाटेल. आमच्याकडे तशी इमारत नाही. स्थलांतरित पालकांची मुलं गावातच राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या हातानं चालणारी ही सोय आहे. पोरं आजी-आजोबांकडे झोपतात, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. दुपारची खिचडी पोषण आहाराची असतेच. आठ घरांनी आतापर्यंत हो म्हटलंय.

ह्या मुलीच्या आईनं मात्र नकाराची मान हलवली. धाकटा दीड वर्षाचा आहे. ती फडात उतरल्यावर त्याला कोण बघणार? नऊ वर्षांची ही मुलगीच बघणार. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, मुलगी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. तरी त्या ओसरीवर तो कायदा उच्चारायची मला लाज वाटली.

घराबाहेर एक म्हातारेबुवा शेकोटीला बसले होते. त्यांच्या आज्याच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे देशभर फिरायचे, त्याला ते लदेणी म्हणाले. रेल्वे आली आणि लदेणी संपली. "तवा समदा तांडा संग राह्यचा. म्हातारे, पोरं, कुत्री बी." एवढंच बोलून त्यांनी काटकी पुढे सरकवली. बंजारा म्हणजे भटकाच, जाणारच, असं सहज म्हणणाऱ्यांना मी ह्या म्हाताऱ्यांपाशी नेऊन बसवीन. सगळ्यांनी मिळून वाट चालणं वेगळं आणि घर मधोमध चिरून अर्धं ट्रकमध्ये घालणं वेगळं.

14 नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे साडेचारला हॉर्न. आम्ही दोघं आणि लेक, तिघंही उठलो. बॅटरीच्या उजेडात लोक बोचकी चढवत होते. थंडी अशी की बोललं की तोंडातून वाफ.

काल रात्री बसून ह्यांनी त्या मुलीचं शिक्षण हमी कार्ड भरलं होतं. कुठल्या इयत्तेत, काय येतं, काय यायचं राहिलंय, हे त्यावर असतं. जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं आणि वर्गात बसायचं. ह्यांचं अक्षर एरवी घाईचं. हे कार्ड मात्र सावकाश, वळणदार लिहिलं होतं. "वाचन : जोडाक्षरांसह वाचते. हातच्याची वजाबाकी : सराव हवा."

आईनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग ट्रकमध्ये चढवलेलं बोचकं पुन्हा खाली घेतलं, गाठ सोडली, आतला पत्र्याचा डबा काढला. त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, धाकट्याच्या लशीचं पुस्तक. त्यांच्या मधोमध आमचं कार्ड ठेवलं, डबा बंद केला, पुन्हा गाठ मारली. ड्रायव्हर ओरडत होता. तिनं गाठ दोनदा ओढून पाहिली.

आज बालदिन. शाळेत मुलांना गोळ्या वाटल्या. चौदा गोळ्या उरल्या.

20 नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. हे कालपासून ड्युटीवर, दुसऱ्या गावच्या केंद्रावर. आमच्या शाळेतही केंद्र आहे, त्यामुळे शाळा बंद. रात्री उशिरा परतले, न जेवता झोपले.

16 डिसेंबर, सोमवार

महिनाभर लिहायला बसता आलं नाही. सकाळी जेवण, शाळा, दुपारी खिचडी, संध्याकाळी पुन्हा जेवण. वसतिगृहात आता अकरा मुलं.

थंडीबद्दल लिहायलाच हवं, कारण आम्ही दोघं सिंधुदुर्गातले. आमच्याकडे थंडी येते ती पहाटे, दंवाच्या हातानं, आणि उन्हं वर आली की जाते. इथली थंडी कोरडी. टाचा भेगाळून रक्त येतं, ओठ फुटतात, पत्र्याचं घर रात्री आतून बर्फासारखं होतं. आईनं गावाहून दिलेल्या खोबरेलाची बाटली दुपारपर्यंत दगड होऊन बसते. आज तसल्या दोन बाटल्या वर्गात नेल्या. एक बाटली सावलीत, एक उन्हात. सगळी पहिली-दुसरी व्हरांड्याच्या पायरीवर उकिडवी बसून कडेनं सुटणाऱ्या तेलाकडे टक लावून होती. मधला पांढरा गोळा सुटून हलायला लागला तसा ओरडा झाला. ऊब म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालं नसतं.

वर्ग आता उन्हातच भरतात. इथे राहिलेल्या घरांचे हालही कमी नाहीत. शेतपंपाची वीज रात्रपाळीची असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं मध्यरात्री वावरात उतरतात. गुडघाभर गारठ्याच्या पाण्यात बारे मोडतात. ज्यांना पाणी नाही ते तुरीची जागल करतात, रोही आणि रानडुकरं एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ करतात म्हणून. सकाळी एका मुलाचा बाप त्याला पोहोचवायला आला तेव्हा त्याची पँट अजून ओली होती. जाताना त्यानं माझ्या टेबलावर ओंजळभर तुरीच्या शेंगा ठेवल्या. रात्री सोलेभात केला.

17 डिसेंबर, मंगळवार

पहिलीत भाकरीचं चित्र दाखवलं. पोरं म्हणाली, "बाटी." मी म्हटलं, भाकरी. पुन्हा, "बाटी." तेवढ्यात माझी लेक त्यांच्यातूनच उठली आणि मला समजावलं, "आई, त्यांच्यात बाटीच म्हणतात." जुलैत ही रडत शाळेत बसायची, कुणाचं बोलणं कळत नाही म्हणून. आता "तारो नाम कांई छ?" म्हणत नव्या माणसांना गाठते. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. आईसमोर याडी लिहिलं. मग एकेक शब्द मुलं सांगत गेली आणि फळा पुरला नाही. पाच महिने मी ह्या पोरांना अबोल समजत होते. बोलायची सोय मीच केली नव्हती.

दुपारी तांड्याच्या नायकांकडे चहाला गेलो. भिंतीवर संत सेवालाल महाराज आणि शेजारी वसंतराव नाईक. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातला हा मुलगा 1963 पासून 11 वर्षं महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता, हे इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पोहरादेवीला महाराजांची समाधी. तिथलं नंगारा वास्तुसंग्रहालय 5 ऑक्टोबरला सुरू झालं, तेव्हा अख्खा तांडा गेला होता. ज्यांनी तेव्हा पोरांना खांद्यावर बसवून गर्दीतून नेलं, त्यातले निम्मे आज फडात आहेत.

3 जानेवारी 2025, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. मुलींनी नऊवारी नेसून भाषणं केली. पदर सावरता सावरता एक मधेच विसरली, तर खालून सगळ्यांनी वाक्य पुरवलं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. सांगली जिल्ह्यातून ती तिसरीतली मुलगी. ऊसतोड्यांच्या कोप्यांजवळच्या शाळेत आठवड्यापासून जाते म्हणाली. "बाई, तिथल्या मॅडमनी विचारलं, आधी कुठं शिकत होती. याडीनं डबा उघडून कार्ड दाखवलं. मग मला वाचाले सांगितलं. मी वाचलं."

"आणि धाकटा?"

"माझ्यापाशीच बसते वर्गात. मॅडम काही नाही म्हणत."

ह्यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि हातच्याची एक वजाबाकी घातली. ती पलीकडे पुटपुटत राहिली, उत्तर बरोबर आलं. मी पुन्हा फोन घेतला. काय विचारावं सुचेना, म्हणून विचारलं, तिकडे थंडी आहे का.

"पहाटे लय हाय," ती म्हणाली. "उसाच्या पाल्यावर पाणी राह्यते. याडीचे हात भिजते."