आधी ब्रेक

आमच्या जुन्या पद्मिनीला जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं चिरंजीवांनी ठरवलं. मी मराठीचा मास्तर, पण म्हटलं, "अरे, आधी ब्रेक बघ." वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकना चौपट उष्णता जिरवावी लागते. हिच्या चारही चाकांना ड्रम. आत उष्णता कोंडते, लायनिंग फार तापलं की पकड सुटते.

१९८५ साली वरंध घाट मी टॉप गिअरमध्येच, ब्रेकवर पाय ठेवून उतरलो. चूक माझीच. एका वळणावर पेडल दाबलं, गाडी थांबेना! दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली. शेजारी सौ., तिच्या मांडीवर हेच चिरंजीव!

हे त्याला परवा प्रथमच सांगितलं. आता पुढे डिस्क बसल्यात. मोकळ्या हवेत लवकर निवतात. इंजिनाचं मात्र तो अजून बोललेला नाही.