चार मीटरच्या दगडासाठी

लघुग्रहांबाबत माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. पाहायचे तर मोठे पाहावेत. ज्यांच्या धडकेने शहरंच्या शहरं बेचिराख होतील, त्यांचा माग काढण्यात दुर्बिणींचा वेळ जावा. चार-पाच मीटरचा दगड जवळून गेला काय नि वातावरणात जळला काय, त्यापायी रात्र कशाला जागवायची? हे मत फिरलं ते ‘२००८ टीसी३’मुळे.

६ ऑक्टोबर २००८ रोजी ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरून रिचर्ड कोवाल्स्की यांना हा सुमारे चार मीटरचा दगड दिसला. सुमारे वीस तासांनी तो सुदानच्या वाळवंटावर फुटला. तेवढ्या वेळात जगभरच्या निरीक्षकांनी, हौशींनीसुद्धा, शेकडो नोंदी पाठवल्या. ठिपक्याचं तेज झरझर कमीजास्त होत होतं, त्यावरून तो कोलांट्या खात येतोय हे कळलं. ला पाल्मावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने वर्णपट टिपला. डिसेंबरात खगोलशास्त्रज्ञ पीटर जेनिस्केन्स आणि खार्तूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद विद्यार्थ्यांना घेऊन वाळवंटात गेले आणि त्याचे काळे तुकडे वेचून आणले. अवकाशात असताना पाहिलेला लघुग्रह प्रयोगशाळेत हाती येण्याची ती पहिलीच वेळ. कुठल्याही मोठ्या लघुग्रहाने इतक्या स्वस्तात इतकं दिलेलं नाही.

शिवाय मोठे महिनोन्‌महिने दिसत राहतात. हे लहान मात्र लांब असताना दिसतच नाहीत. जवळून जातानाचे काही तास, एवढंच आपल्या वाट्याला. तेव्हा नोंदी कमी पडल्या तर कक्षा कच्ची राहते आणि दगड हरवतो.

असाच एक लहान दगड, ‘२०२० क्यूजी’, १६ ऑगस्ट २०२० रोजी हिंदी महासागरावरून जेमतेम २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी कुणालाच दिसला नव्हता. गेल्यावर सहा तासांनी पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षण दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमेत त्याची रेघ उमटली. ती हेरणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तुमच्या आकाशनिरीक्षण मंडळाकडे कॅमेरा जोडलेली दुर्बीण असेल, तर नव्याने सापडलेल्या, खात्री व्हायच्या लघुग्रहांची यादी मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांच्या नोंदी जमवणाऱ्या केंद्राच्या संकेतस्थळावर रोज संध्याकाळी बघा. घड्याळ मात्र काटेकोर लावा, कारण इतक्या वेगवान दगडाच्या बाबतीत एका सेकंदाची चूकही जागा चुकवते. आणि घेतलेली नोंद त्याच रात्री त्या केंद्राकडे पाठवा.