मांड आणि लगाम

आमच्या पुतणीला घोड्यावर बसण्याचा छंद लागला, तेव्हां शिक्षकाची पारख करण्याचें काम वडील मंडळींनीं आमच्याकडे सोंपविलें. घोड्याविषयींचें आमचें ज्ञान टांग्यापलीकडे गेलेलें नव्हतें, हें येथेंच सांगितलेलें बरें.

पहिल्या शिक्षकानें आठवड्याभरांत मुलें भरधाव दौडवून दाखविलीं. आम्ही खूष झालों; पण जवळ जाऊन पाहतों तों मुलें तोल सांवरण्यासाठीं लगामालाच लोंबकळत होतीं, आणि प्रत्येक हिसक्यासरशीं घोडा तोंड वासून मान झुगारीत होता. त्यावर उपाय म्हणून चाबूक!

दुसऱ्यानें तीन आठवडे लगाम हातीं दिलाच नाहीं. लांब दोरीवर घोडा गोल फिरवावयाचा आणि मुलीनें रिकिबींतून पाय काढून नुसतें बसावयाचें. खांदा, कंबर व टांच एका उभ्या रेषेंत येईपर्यंत पुढचा पाठ नाहीं. घरीं कुरकुर झाली. पण मांड पक्की झाल्यावांचून हात हलका होत नाहीं, आणि जड हाताची शिक्षा घोड्याच्या तोंडाला होते. घोड्याशीं रागानें वागूं नये, हें ग्रीक सेनानी झेनोफननें सुमारें २३५० वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे.

परवां पुतणी पडली. डोक्याला टोप होता म्हणून निभावलें. शिक्षकानें आधीं तिला, मग घोड्याला तपासलें. ओरडला कोणावरच नाहीं. वहिनी म्हणाल्या, “आतां पुरें.” आम्ही पुढील महिन्याची फी भरून आलों.