पिवळा दिवा

बाबांच्या फियाटमध्ये दिवे मोजकेच होते आणि सरळ स्वभावाचे. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला की बाबा मुकाट्याने गाडी कडेला घेत, इंजिन बंद करत, डिपस्टिक काढून फडक्याला पुसत. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा चढला की आम्ही पोरं पाण्याचा कॅन घेऊन खाली. दिव्याचं म्हणणं काय, यावर कधी वाद झाला नाही.

माझ्या 2014 सालच्या हॅचबॅकमधला इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा म्हणजे रुसलेली आत्या. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. काय ते खोदून विचारावं लागतं. एप्रिल 2013 पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ओबीडी-2 सक्तीचं झालं, त्यामुळे विचारायची सोय तरी आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर खोचला की मोबाइलवर उत्तर उमटतं: पी0420. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलाय, असा संशय. त्याच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख सतत वरखाली नाचतो. नंतरच्याने शांत राहायचं असतं. माझा नंतरचाही नाचू लागला होता.

संशयच, कारण पाइपला बारीक लीक असलं तरी हाच कोड येऊ शकतो. आणि कन्व्हर्टरच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. भाव ऐकून खुर्ची शोधावी लागते. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मिसिंग नाही, पिकअप आहे, बिनधास्त चालवा. लुकलुकायला लागला तर मात्र थांबायचं." ते खरंच आहे. लुकलुकणं म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे चाललंय, आणि ते कन्व्हर्टरला भाजून काढतं. कोड पुसला की दिवा विझायचा. संगणकाच्या चाचण्या पुन्हा पुऱ्या झाल्या की हजर. मग त्याच मेकॅनिकने दुसरा उपाय सुचवला: मीटर उघडून बल्बच काढू.

ते मी करू दिलं नाही. तत्त्व वगैरे काही नाही. उद्या खरोखर कॉइल गेली तर सांगणार कोण?

गेल्या महिन्यात गाडी विकायला काढली. पहिलंच गिऱ्हाईक जाणतं निघालं. इंजिन सुरू न करता त्याने नुसती चावी फिरवली आणि सगळे दिवे पेटतात का ते एकेक करून पाहिलं. मग इंजिन चालू केलं. बाकीचे विझले, आमचा राहिला.

"बल्ब काढलेला नाही, हे बरं केलंत," तो म्हणाला, आणि किमतीतून कन्व्हर्टरचे पैसे वजा केले.