पोटाचा ताळेबंद

माणूस बँकेत वीस वर्षं खुर्चीला चिकटला की त्याच्या पोटाची मुदत ठेव होते. दरवर्षी व्याजासकट आपोआप नूतनीकरण! माझ्या ठेवीकडे माझं लक्षच नव्हतं. परवा डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, ‘साखर काठावर आहे’ म्हणाले आणि वडिलांची चौकशी केली. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. मी चव्वेचाळीसचा. बी. कॉम. माणसाला ही वजाबाकी करायला यंत्र लागत नाही. मी मुकाट्यानं सावनेरातल्या एका जिममध्ये नाव घातलं.

आमच्या आजोबांचा हिशेब सोपा होता. बैठका मोजायला समोर चिंचोक्यांचा ढीग. ढीग संपला की व्यायाम संपला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं (स्थापना १९१४) नाव घेताना ते मिशीला पीळ देत. पोटाला फीत लावलेली त्यांना खपली नसती.

जिममधला मास्तर बावीस वर्षांचा. मला ‘काका’ म्हणतो. त्यानं आरंभीची शिल्लक लिहून घेतली : उंची १६५, कंबर ९८ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं, २७.९ आले. हे सूत्र १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञानं काढलं म्हणे. आकाशातले तारे सोडून हा गृहस्थ लोकांच्या वजनात कशाला शिरला, कोण जाणे! आपल्याकडे २३ पर्यंत ठीक, आणि पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी.

मी वही घातली. सकाळी ७६, रात्री ७७.२! कॅशमध्ये एका दिवसात एवढा फरक आला असता तर घरी बसलो असतो. मास्तर म्हणाला, ‘‘काका, तो पाण्याचा आन् तर्री-पोह्यांचा हिशेब आहे. आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी मोजा.’’

तीन महिन्यांनी वजन ७५. ‘‘एक किलो? एवढं तर भाजीवाला मापात मारतो,’’ ही म्हणाली. पण कंबर ९३! मी फीत तीनदा लावली, श्वास सोडून. जमाखर्च जुळेना. शेवटी मास्तरनंच उलगडा केला : चरबी गेली, तिच्या जागी थोडे स्नायू आले, काटा नुसती बेरीज दाखवतो, खाती नाही.

पँट मात्र घसरू लागली. पट्टा घेऊन नेहमीच्या चांभाराकडे गेलो. त्यानं सवयीनं टोकाकडे आरी टेकवली.

‘‘तिकडे नाही बाप्पा, इकडे. आतल्या बाजूला!’’

त्यानं पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘घरी सगळं ठीक आहे ना, साहेब?’’ म्हणाला, आणि भोकाचे पैसे घेतले नाहीत.