स्टेबल

आईच्या एमआरआय रिपोर्टमध्ये 2013 पासून दरवर्षी एकच शब्द येतो: स्टेबल. पहिल्या वर्षी आम्ही पेढे वाटले होते.

आईला एनएफ-टू आहे. 22व्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलेलं, त्यामुळे दोन्ही कानांच्या नसांवर गाठी. कॅन्सर नाही, पण जागा अशी की वाढली तर मेंदू दाबणार. डावी गाठ मोठी होती. ऑपरेशन झालं आणि त्या कानाचं ऐकणं त्याच दिवशी संपलं. उजवीसाठी गॅमा नाइफ ठरलं. नावातच सुरी आहे. प्रत्यक्षात डोक्याला स्क्रूने फ्रेम बसवतात आणि कोबाल्टचे जवळपास दोनशे बारीक किरण एकाच ठिकाणी आणून सोडतात. संध्याकाळी कपाळावर चार पट्ट्या लावून आई चहा मागत होती.

गाठ थांबली. ऐकणं मात्र थांबायला तयार नव्हतं, ते जातच राहिलं. आधी फोनवरचं गेलं. मग लग्नातल्या गोंगाटातलं. ‘‘आवाज येतो गं, शब्द येत नाहीत,’’ असं ती म्हणायची आणि मी वैतागून ओरडायचे. सहाव्या वर्षी आवाजही गेला. रिपोर्ट: स्टेबल.

पुढे वाचून कळलं, की आनुवंशिकता नसताना एकाच कानाला गाठ झाली, तर दहातल्या नऊहून जास्त जणांची या किरणांनी थांबते. एनएफ-टूमध्ये यश त्याहून कमी. प्रत्येक पेशीत तोच बिघाड असल्यामुळे शेजारी नवी गाठ येऊ शकते. क्वचित किरणांमुळेच साधी गाठ कॅन्सरची होते, म्हणून तरुण पेशंटच्या बाबतीत डॉक्टर दोनदा विचार करतात. ऐकणं वर्षांगणिक उतरतं, हेही नोंदलेलं आहे. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आम्हीही ‘‘गाठ वाढणार नाही ना?’’ एवढंच विचारलं होतं.

उपचार चुकला असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं मिळाली. ती मोजकी आहेत हे माहीत असतं तर आई ओठ वाचायला आधीच शिकली असती. आणि हॉस्टेलवरून मी इतक्या वेळा ‘‘नंतर बोलते’’ म्हणून फोन ठेवला नसता.

ते जनुक माझ्यात असण्याची शक्यता 50 टक्के. परवा रक्त देऊन आले. आई स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीतून तिचा मेसेज आल्याचं वाजलं: ‘सुई दुखली का?’